चाकणच्या दोन एएमजी: उंच जीएलसी ४३ आणि ठेंगणी ए ३५, ट्रॅकवर दोन दिवस

तिसरा_गिअर

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या घरात एक वाद तीन दिवाळ्या चालू आहे: ट्रॅकवर उंच गाडी सरस की ठेंगणी? माझ्याकडे एएमजी, म्हणजे मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांच्या शाखेची, ए ३५ सेडान आहे आणि आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, एएमजी जीएलसी ४३ कूपे, म्हणजे उतरत्या छपराची एसयूव्ही. दोन्ही गाड्यांची जोडणी आपल्या चाकणच्या कारखान्यात झालेली. जीएलसी ४३ कूपे ही भारतात जोडणी झालेली पहिली एएमजी, नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तिच्या पाठोपाठ मार्च २०२१ मध्ये ए ३५. मर्सिडीज आणि पुणे हे नातं १९९५ पासूनचं. तेव्हा टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४ ई-क्लास जोडली जायची. बाबा त्या काळात पिंपरीतच नोकरीला होते, त्यामुळे या गाड्यांबद्दल घरात सगळ्यांनाच जिव्हाळा आहे आणि मतंही आहेत.

कागदावर दोघींमध्ये निवड करणं अवघड. जीएलसीत ३ लिटरचं व्ही ६, दोन टर्बो, ३९० हॉर्सपॉवर, ५२० न्यूटन-मीटर, ९ गिअर. ए ३५ मध्ये आडवं बसवलेलं २ लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ३०६ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन-मीटर, ७ गिअरचा ड्युअल क्लच. शून्य ते शंभर जीएलसी ४.९ सेकंदांत, ए ३५ ४.८ सेकंदांत. दोघींचा कमाल वेग कंपनीने २५० वर बांधलेला. लाँचच्या वेळी एक्स-शोरूम किंमत ७६.७० लाख आणि ५६.२४ लाख. वजनात मात्र तीनशे किलोच्या आसपास फरक. दादाचं म्हणणं असं की ताकद जास्त आहे ना, मग वजन भरून निघतं. माझं म्हणणं, सरळ रस्त्यावर निघतं, वळणात नाही. घरी बसून हे मिटणार नव्हतं.

पुण्याहून ट्रॅक म्हणजे लांबचा पल्ला. आम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट निवडला. ३.७ किलोमीटरचा, १९९० पासून चालू असलेला. आपल्या वाकड-वारज्यावरून जाणारा एनएच ४८ च थेट तिथपर्यंत नेतो. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, सगळं मिळून बाराशे किलोमीटरच्या आतबाहेर. बेंगळुरूत मुक्काम केला. या प्रवासात जीएलसी निर्विवाद सरस, हे आधीच लिहून टाकतो. खंबाटकीपासून पुढे दादा ताजातवाना होता आणि मी प्रत्येक गावाच्या स्पीडब्रेकरला श्वास रोखून तिरका चढत होतो.

ट्रॅकवर पहिला दिवस. वीस-वीस मिनिटांची सत्रं. मी माझी गाडी, दादा त्याची. मेन स्ट्रेटवर, म्हणजे ट्रॅकच्या सगळ्यात लांब सरळ पट्ट्यावर, मला अपेक्षित होतं तेच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. मी त्याच्यापासून सुटत नव्हतो. उलट हळू वळणातून बाहेर पडताना जीएलसी थोडी पुढेच सरकायची. तिची ताकद मुळात मागच्या चाकांकडे जास्त जाते, ३१ टक्के पुढे आणि ६९ मागे. वळणातून बाहेर येताना ती मागून ढकलते आणि नाक जागेवर राहतं. ए ३५ मुळात पुढच्या चाकांची गाडी, गरज पडली तरच जास्तीत जास्त अर्धी ताकद मागे जाते. हळू वळणात मी घाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नाक बाहेर पळायचं. हे मान्य करायला मला दोन सत्रं लागली.

माझा फायदा दुसरीकडे होता. मेन स्ट्रेटच्या टोकाला सी-वन हे वेगात घ्यायचं उजवं वळण आहे आणि लगेच पुढच्या सी-टू वळणासाठी ब्रेक मारावा लागतो. तिथे ए ३५ आज्ञाधारक होती. स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळली, मध्ये काही थांबणं नाही. जीएलसीला वळणात शिरल्यावर अंग टेकायला एक क्षण लागतो. ती टेकली की धरते, चांगली धरते. पण जिथे डावं-उजवं लागोपाठ येतं तिथे पहिल्या वळणातून तिचं अंग परत येतंय तोवर दुसरं वळण आलेलं असतं. आणि तिथे घालवलेला वेळ ३९० हॉर्सपॉवर परत आणून देत नाहीत.

तरीही पहिल्या तीन लॅपना, म्हणजे ट्रॅकच्या तीन फेऱ्यांना, आमच्यात जेमतेम सेकंदाचा फरक होता. मग तिसऱ्या सत्रात दादाचं ब्रेक पेडल मऊ पडलं. सी-टूला त्याने पाय ठेवला आणि पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं. त्याने घाबरून स्टिअरिंग ओढलं नाही, पेडल दोनदा पंप केलं, गाडी सरळ ठेवली, हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि शांतपणे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, आला. त्याची त्या दिवसातली सगळ्यात चांगली ड्रायव्हिंग तीच होती असं मला वाटतं.

दोष गाडीचा नव्हता, आमचाच होता. ब्रेक फ्लुइड दोन पावसाळे बदललेलं नव्हतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनांक किमान २३० अंश, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. फ्लुइड उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडे दाबले जातात, पिस्टन नाही. माझं फ्लुइड मी निघण्याआधी बदललं होतं, दादाला सांगायचं राहून गेलं. याची खंत मला अजून आहे.

संध्याकाळी तिथल्याच एका मेकॅनिककडून जीएलसीचं फ्लुइड बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाड्यांची अदलाबदल केली. नव्या फ्लुइडवर जीएलसीचं पेडल मऊ पडलं नाही, पण दर तीन लॅपनंतर एक लॅप तिला थंड करावी लागायची. ए ३५ सहा लॅप सलग चालायची. आणि सहा सलग लॅपमध्ये माणूस शिकतो. पहिल्या लॅपला चुकलेलं वळण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लॅपला परत मिळतं. जीएलसीत शिकायला लागलो की थांबायची वेळ यायची.

म्हणून माझं मत: एक लॅप मोजायची असेल तर दादा म्हणतो ते बरंचसं खरं आहे. दिवसभर मोजायचं असेल तर सेडान. अनुभव असलेल्यांनी लिहावं, विरोधी मत असेल तर जरूर.

भोसरीकर

उत्तम लिहिलंय. ब्रेक डिस्कचं मशिनिंग हा आमचा धंदा, म्हणून थोडं गणित.

१८० च्या वेगावरून ७२ वर यायचं म्हणजे सेकंदाला ५० मीटरवरून २० मीटरवर. प्रत्येक किलोमागे १,०५० जूल ऊर्जा टाकून द्यावी लागते. जास्तीचे ३०० किलो म्हणजे ३ लाख १५ हजार जूल, आणि हे एका ब्रेकला. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. थोडी हवेत जाते, थोडी टायरमध्ये, पण बहुतेक डिस्कच्या डोक्यावर. म्हणजे तुमच्या दादांची गाडी प्रत्येक जोरदार ब्रेकला तुमच्यापेक्षा एक चहाचं पातेलं जास्त उकळत होती. डिस्क मोठ्या असतात हे खरं, पण ती उष्णता जायला मधे वेळ मिळायला हवा. लॅपमध्ये तो मिळत नाही.

दुसरं, वळणात बाहेरच्या चाकांवर किती भार सरकतो ते वस्तुमान, बाजूचं त्वरण आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला चाकांतल्या अंतराने भागून मिळतं. उंच गाडीचा गुरुत्वमध्य ६२ सेंटिमीटर आणि सेडानचा ५३ धरून चाला, चाकांतलं अंतर १.६३ आणि १.५६ मीटर, वजन १,९०० आणि १,६०० किलो, त्वरण ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट. उंच गाडीत ६५० किलो सरकतात, सेडानमध्ये ४९० च्या आसपास. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण गंमत प्रमाणात आहे. टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच वाढते. आतल्या टायरने जेवढं गमावलं तेवढं बाहेरचा कमावत नाही.

आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. कडक अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, झुकणं रोखणारा दांडा) किंवा एअर सस्पेंशनने गाडी झुकायची कमी होते, सरकणारा एकूण भार कमी होत नाही. तो फक्त पुढे किती आणि मागे किती हे बदलतं. गाडी सपाट राहिली की चालकाला वाटतं जिंकलो, टायरला मात्र सगळा हिशोब द्यावाच लागतो.

अपर्णा_कोथरूड

भोसरीकर, अँटी-रोल बारचं पहिल्यांदा नीट कळलं, धन्यवाद.

मी ट्रॅकवर एकदाच गेले आहे, कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, भावाची सेडान घेऊन. मला एसयूव्हीच्या उंचीबद्दल विचारायचंय. रोज मी उंच गाडी चालवते आणि तिच्यात मला लांबचं दिसतं म्हणून आत्मविश्वास वाटतो. ट्रॅकवर हा फायदा होत नाही का? की उलटं होतं?

तिसरा_गिअर

अपर्णाताई, दुसऱ्या दिवशी जीएलसीत बसल्यावर मला पहिलं हेच जाणवलं. पुढचं वळण आधी दिसतं. पुढच्या गाडीच्या छपरावरून दिसतं, म्हणजे ती ब्रेक कुठे लावते हेही कळतं. हा फायदा खरा आहे.

पण उंच बसल्याने वेग कमी वाटतो. मी पहिल्या दोन लॅपना सी-टूला उशिरा ब्रेक मारत होतो, कारण डोळ्यांना वेग कळतच नव्हता. ए ३५ मध्ये जमीन जवळ असते, पाठीला आणि मांडीला मागचं चाक सुटायच्या आधी समजतं. जीएलसीत ते हातांना आणि उशिरा समजतं. नवशिक्याने ठेंगण्या गाडीत शिकावं असं मी म्हणेन. तिथली चूक गाडी लवकर सांगते.

रिंगवेडा

जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकचे आकडे या वादात फार बोलके आहेत. २०.८ किलोमीटरची लॅप. २०२१ मध्ये पोर्शे कायेन टर्बो जीटीने ७ मिनिटं ३८.९२५ सेकंद लावले, ६४० हॉर्सपॉवरवर. त्याच वर्षी ऑडी आरएस ३ सेडानने ७ मिनिटं ४०.७४८ लावले, ४०० हॉर्सपॉवरवर. म्हणजे २४० हॉर्सपॉवर जास्त घालून दोन सेकंदसुद्धा मिळाले नाहीत. २०२४ मध्ये ऑडीचीच आरएस क्यू ८ परफॉर्मन्स, पुन्हा ६४० हॉर्सपॉवर, ७:३६.६९८. आणि नवी आरएस ३ तेवढ्याच ४०० वर ७:३३.१२३. तिने तर मागे टाकलं.

पण मी एसयूव्हीच्या बाजूने एक म्हणेन. दोन टनांहून जड, उंच गाडी तिथे आठ मिनिटांच्या आत येते, हे इंजिनिअरिंग कमी लेखण्यासारखं नाही.

डोंगरवाट

एवढं चेन्नईला कशाला? रविवारी पहाटे ताम्हिणीत काढा दोन्ही गाड्या, तासाभरात निकाल.

तिसरा_गिअर

नको. हे मी अगदी मनापासून सांगतोय. ताम्हिणीत पहाटे दुधाच्या गाड्या असतात, सायकलवाले असतात, वळणापलीकडे उभं राहून धुक्याचे फोटो काढणारी कुटुंबं असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या रस्त्यावर दोन तरुण जीव गेले. त्यानंतर या शहरात वेगवान गाडी असलेल्या प्रत्येकाने हे मनात ठेवायला हवं असं मला वाटतं. आम्ही बाराशे किलोमीटर गेलो, कारण तिथे समोरून कोणी येत नाही.

डोंगरवाट

पटलं. शब्द मागे घेतो.

पॉलिसीवाला

एक महत्त्वाचं राहिलंय. आपली नेहमीची मोटार पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हता चाचणी यासाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंत लागली तर खर्च तुमचा, असं गृहीत धरूनच जा. ए ३५ सारख्या गाडीचा पुढचा भाग गेला तर काय बिल येतं हे ज्याने बघितलंय तो आपोआप सांभाळून चालवतो. टोइंगची सोय कोणाची आणि किती लांबपर्यंत, हेही आयोजकांना आधी विचारा.

नऱ्हेकर

धागा आवडला, पण माझ्यासारख्याच्या बजेटच्या बाहेरचा आहे. वीस लाखाच्या आत ही तुलना करता येईल का?

भोसरीकर

नऱ्हेकर, येईल, आणि माझ्या मते ती अधिक स्वच्छ तुलना होईल. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि टायगुन. दोन्ही चाकणच्याच. इंजिन तेच, १.५ लिटर, १५० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन-मीटर. प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तोच, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, तोच, २,६५१ मिलिमीटर. उंची व्हर्टसची १,५०७, टायगुनची १,६१२. म्हणजे जवळपास फक्त उंचीच बदलते. तिसरा_गिअर यांच्या तुलनेत इंजिन वेगळं, वजन वेगळं, ताकद जायची चाकं वेगळी, त्यामुळे फरक नक्की कशाचा हे वेगळं काढता येत नाही. या दोन गाड्या एकाच टायरवर, एकाच चालकाकडून चालवल्या तर १०५ मिलिमीटरची किंमत कळेल.

नऱ्हेकर

हे भारी आहे. माझी व्हर्टस आहे, मेहुण्याची टायगुन. त्याला विचारतो.

रंकाळा

नऱ्हेकर, त्याआधी एकदा आमच्या कोल्हापूरला या. मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांच्या, राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत. कार्टमध्ये सस्पेंशन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, चूक लपवायला काहीच नाही. ब्रेक कुठे सोडायचा आणि नजर कुठे ठेवायची हे तिथे दोन दिवसांत शिकता येतं, आणि गाडीचे टायरही वाचतात. पुण्याहून चार-पाच तास.

अपर्णा_कोथरूड

टायरवरून आठवलं. हवा किती ठेवली होती? करीला माझ्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा पार घासल्या गेल्या.

तिसरा_गिअर

थंड असताना ३३ ठेवून निघालो, चार लॅपनंतर ४० दाखवायला लागलं. गाडी साबणावर चालल्यासारखी. मग गरम असतानाच पिटमध्ये ३५ वर आणली आणि एकदम पकड आली. प्रत्येक सत्रानंतर गेज लावायचा, हाच नियम. परत निघायच्या आधी सकाळी पुन्हा भरून घ्यायला विसरू नका, नाहीतर हायवेवर कमी हवेने टायर जाईल. कडा घासल्या म्हणजे वळणात वेग जास्त नेऊन स्टिअरिंग आणखी फिरवत होतात. नाक बाहेर पळत असेल तर स्टिअरिंग वाढवू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि थांबा. मीही हेच चुकत होतो.

सत्र संपल्यावर एक पूर्ण लॅप ब्रेक न वापरता थंड करायची. पिटमध्ये हँडब्रेक लावायचा नाही, चाकाला दगड लावायचा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले की त्याचा थर एका जागी चिकटतो आणि मग पेडल थरथरायला लागतं.

पेट्रोल पुण्याहून निघताना १०० ऑक्टेनचं भरलं होतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये ज्या शहरांत ते आणलं त्यात पुणे होतं. पण एका टाकीत चेन्नई येत नाही, पुढे ९५ वर भागवलं. टर्बो इंजिन गरम हवेत आणि कमी ऑक्टेनवर स्वतःच इग्निशन मागे घेतं, म्हणजे ठिणगी उशिरा देतं, आणि ताकद कमी होते. दुपारच्या सत्रात दोन्ही गाड्या सकाळपेक्षा सुस्त होत्या.

दादा_बाणेर

आज खातं उघडलं, कारण या धाग्यावर माझ्या गाडीबद्दल एवढं लिहिलं गेलंय आणि मी गप्प बसणं बरोबर नाही.

भावाने लिहिलेलं सगळं खरं आहे. फ्लुइडची जबाबदारी माझी होती, त्याने स्वतःकडे घेऊ नये. पेडल खाली गेलं त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी दोन टन घेऊन चाललोय. रस्त्यावर ती गाडी हे कधी जाणवू देत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची ए ३५ चालवली. सहा लॅप. पाचव्या लॅपला सी-वन मला पहिल्यांदा बरोबर जमलं, आणि सहाव्या लॅपला पुन्हा तसंच जमलं. ते ‘पुन्हा’ जीएलसीत मिळालं नव्हतं. इतकं मी मान्य करतो.

पण गाडी बदलणार का असं घरी सगळे विचारतात, तर नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ए ३५ मध्ये तिला बसवायचं म्हणजे आधी वाकायचं, मग पाय उचलून आत ठेवायचे, उतरताना दोघांनी धरायचं. जीएलसीत ती दार उघडून स्वतः बसते. नरसोबाच्या वाडीला जाऊन आली तरी तिला कोणाचा हात लागत नाही. माझ्या रोजच्या आयुष्यात गाडीची उंची म्हणजे हे आहे.

पुढच्या जानेवारीत परत जायचं ठरलंय. जीएलसी प्रवासाला, सामान आणि चार सुटी चाकं घेऊन. ट्रॅकवर दोघांत मिळून फक्त ए ३५, एक सत्र त्याचं, एक माझं. पॅड मी घेतोय, फ्लुइड निघायच्या आठवड्यात दोन्ही गाड्यांचं बदलायचं. अपर्णाताई, नऱ्हेकर, यायचं असेल तर डिसेंबरच्या आत कळवा, म्हणजे आयोजकांकडे नावं एकत्र देता येतील.